दूध उतू जाण्याची कसोटी

लहानपणी मला समीक्षक व्हायचे होते. समीक्षकाला सिनेमाचा पास फुकट मिळतो आणि सिनेमा आवडला नाही तर तसे सांगण्याचे वर पैसे मिळतात, असे कुणीतरी सांगितले होते. आमच्याकडे उलट होते. सिनेमाला पैसे पडत आणि आवडला नाही असे म्हटले तर, "मग कशाला गेला होतास उंडारायला?" असे ऐकावे लागे. पुढे मी बँकेत चिकटलो आणि दुसऱ्यांचे पैसे मोजता मोजता माझ्यातला समीक्षक मागे पडला. पण तो मेला नाही. घरी टीव्ही आल्यावर तो खाटेवर लोडाला टेकून बसला, तो अजून उठलेला नाही.

या घरबसल्या समीक्षकाचे वास्तव्य भिंगारला. भिंगार म्हणजे नगरच्या कुशीतले, किल्ला आणि लष्करी छावणी यांच्या शेजारचे आमचे गाव. २०२४ साली नगरचे अहिल्यानगर झाले. आम्ही सवयीने 'नगर'च म्हणतो. दोन्हींत नगर आहेच, तेव्हा फारसे अडत नाही. इतिहासातली मोठी माणसे आमच्याकडे येऊन गेली, पण कुणी हौसेने राहिले असे दिसत नाही. औरंगजेब भिंगारला आला तो मरायला. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ शेजारच्या किल्ल्यात राहिले, ते इंग्रजांनी डांबले म्हणून. स्वखुशीने राहणारे आम्हीच.

टीव्ही येण्यापूर्वी सिनेमा म्हणजे सायकलवर डबलसीट नगरला जायचे. आशा टॉकीज, चित्रा टॉकीज ही आमची विद्यापीठे. तिथली समीक्षा सोपी होती. आवडले तर शिट्टी, न आवडले तरी शिट्टीच. फक्त सूर वेगळा. जब्बार पटेलांचा 'सामना' मी तिथल्याच एका थेटरात पाहिला. निळू फुल्यांचा हिंदुराव पडद्यावर आला की पुण्यामुंबईचे प्रेक्षक म्हणे अभिनयाला दाद देत. आमचा जिल्हा सहकारी साखर कारखान्यांचा. इथले प्रेक्षक एकमेकांना कोपराने ढोसून, "हा म्हणजे कोण रे?" असे विचारत होते. प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते, आणि प्रत्येकाला ते बरोबर वाटत होते. तेंडुलकरांच्या लेखणीला याहून मोठी पावती कुठल्या समीक्षकाने दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

टीव्ही आमच्याकडे १९८५ साली आला. कृष्णधवल, चार पायांवर उभा आणि लाकडी शटरचा. ते शटर उघडताना आई देव्हाऱ्याचे दार उघडल्यासारखा चेहरा करी. त्या सुमारास सरकारने गावोगाव लहान प्रक्षेपण केंद्रे उभारली होती, पण त्यांच्यातून यायची ती दिल्ली. म्हणजे 'हम लोग' दिसे. मुंबईचा 'गजरा' दिसत नसे. मराठी हवे तर सिंहगडावरचे पुण्याचे केंद्र पकडायचे, आणि त्यासाठी बांबूवर बांबू बांधून अँटेना इतकी उंच न्यायची की घारींना वळसा घालावा लागे. आमच्या गच्चीवर त्यामुळे दोन अँटेना होत्या, एक दिल्लीची आणि एक सिंहगडाची. वारा सुटला की सिंहगडाची अँटेना फिरे आणि मराठी संस्कृतीवर मुंग्या येत. मग मी गच्चीवर, मुलगा जिन्यात आणि सौ. टीव्हीपुढे अशी साखळी लागे. "आलं का?" "आलं... गेलं... आता दोन बायका दिसतायत!" "मुळात किती आहेत?" "एकच!"

मराठीसाठी स्वतंत्र वाहिनी निघाली १९९४ साली. तोपर्यंत भिंगारच्या माणसाला घरात मराठी पाहायचे तर मान आणि अँटेना दोन्ही पुण्याकडे वळवाव्या लागत.

माझ्या समीक्षेचा मूळ सिद्धांत मला याच काळात सापडला. झाले असे, की आमच्याकडे गवळी सकाळी नवाच्या सुमारास दूध घालत असे आणि सौ. ते लगेच तापायला ठेवी. १९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले. रविवारी सकाळी साडेनऊला. म्हणजे दुधाची वेळ आणि श्रीरामांची वेळ एकच. पहिल्या काही रविवारी माझ्या लक्षात आले, की काही प्रसंगांना दूध उतू जाते आणि काहींना जात नाही. मी मनाशी टिपणे ठेवू लागलो. आणि एके दिवशी न्यूटनला सफरचंद दिसले तसे मला पातेले दिसले. ज्या प्रसंगात दूध उतू जाते, तो प्रसंग चांगला! नाट्यशास्त्रात रस आठ सांगितले आहेत. पण ते उतू गेले की नाही हे पाहण्याची सोय भरतमुनींनी सांगितलेली नाही.

या कसोटीवर भले भले घासून पाहिले. 'रामायण'चा निकाल संमिश्र लागला. केवट, भरतभेट, शबरी या ठिकाणी दुधाची धडगत नव्हती. पण युद्ध सुरू झाले आणि दूध सुरक्षित झाले. इकडून एक बाण निघे, तिकडून एक निघे, दोघे आकाशात समोरासमोर येत आणि एकमेकांची चौकशी करीत थांबत. तेवढ्यात दूध तापून, निवून, विरजण लावूनही होई. ठरले होते त्याहून मालिका लांबली आणि १९८८च्या जुलैअखेर संपली, ती अठ्ठ्याहत्तर भागांनी. आई मात्र प्रत्येक भागाआधी पाय धुऊन बसे. तिला बाणांच्या संथपणाचे काही वाटत नसे. "देवाचे बाण आहेत. एसटी आहे का, वेळेवर सुटायला?"

'महाभारता'ने कसोटीचे सगळे विक्रम मोडले. १९८८च्या गांधीजयंतीला ते सुरू झाले आणि चौऱ्याण्णव भाग चालले. द्यूताच्या रविवारी आमच्या आळीत एकाही घरातले दूध वाचले नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत करपल्याचा एकच वास. राही मासूम रझा यांच्या संवादांची ताकद काय होती हे विद्वान लोक सांगतीलच. मी नाकाने अनुभवली.

त्या काळी आमच्याकडे टीव्ही पाहायला शेजारचे सुभेदारकाका येत. रणगाडा दलातून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीत. भिंगारला हे साहजिकच. रणगाड्यांच्या लष्करी शाळेच्या शेजारी आमचे निम्मे गाव वाढले. दुसऱ्या गावातली पोरे मोटारींची नावे ओळखतात, आमच्याकडची आवाजावरून रणगाडा ओळखत. काकांची समीक्षा केवळ लष्करी. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला तेव्हा सगळे घर डोळे पुसत होते. काका म्हणाले, "परतीचा रस्ता न बघता पोराला आत सोडला? कमांडर कोण होता?" सौ.ने त्यांना त्या दिवशी चहा अर्धाच दिला. युद्धाचा सिनेमा लागला की ते पडद्याजवळ जाऊन रणगाड्याचा पट्टा तपासत. नायक मेला तरी हरकत नसे, पट्टा ढिला दिसला की खवळत. मी त्यांना हसत असे. आता वाटते, ते निदान पडद्याकडे नीट बघत तरी होते.

याच सुमारास श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' आली. तिच्याबद्दल मी थोडा हळवा आहे. नेहरूंनी ते पुस्तक लिहिले ते आमच्या किल्ल्यात, १९४४ साली. म्हणजे आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यावर. तिथे लिहिलेला मजकूर दिल्लीला गेला, दिल्लीहून उपग्रहावर गेला आणि चौवेचाळीस वर्षांनी आमच्या गच्चीवरच्या अँटेनेतून परत भिंगारला उतरला. इतका वळसा पोस्टातल्या पत्रालाही पडत नाही. रोशन सेठ नेहरू झाले होते. त्याआधी 'गांधी' सिनेमातही तेच नेहरू झाले होते, त्यामुळे आईला ते खरे नेहरू वाटत आणि वर्तमानपत्रातल्या फोटोतले जरा वेगळे वाटत.

या मालिकेत ओम पुरी औरंगजेब झाले आणि नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज. औरंगजेबाच्या भूमिकेवर आम्हा भिंगारकरांची एक प्रकारची वहिवाट आहे. इतर लोकांनी त्याला पुस्तकात पाहिलेला, आमच्या इथे आलमगीर म्हणून ठिकाणच आहे. म्हणून २०२५ साली 'छावा'त अक्षय खन्ना औरंगजेब झाला, तेव्हाही मी त्याच्याकडे गाववाल्याच्या नजरेने पाहिले. ओम पुरींचा तो थकलेला बादशहा पाहून आई एवढेच म्हणाली, "एवढं मोठं राज्य, आणि शेवट भिंगारला. कशाला एवढी वणवण करायची मग?" औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेवर ग्रंथ लिहिले गेले आहेत. आईचे एक वाक्य त्यांतल्या पुष्कळांना पुरून उरेल.

पण समीक्षकाने प्रामाणिक असावे. 'भारत एक खोज' चालू असताना आमचे दूध एकदाही उतू गेले नाही. कारण ती मालिका मी एकटाच पाहत होतो, आणि दुधाकडे बघायला बाकी सगळे मोकळे होते.

एका भागाला मात्र आई आवर्जून येऊन बसली. त्यामागे जुनी गोष्ट आहे. सदाशिव अमरापूरकर नगरचे. १९८३ साली 'अर्धसत्य'मध्ये त्यांनी रामा शेट्टी केला, आणि सगळ्या देशाला ठाऊक झाले की खलनायक ओरडला नाही तर जास्त भीती वाटते. तोवरचे खलनायक गुहेत राहत आणि दिवे लावून हसत. हा माणूस लुंगी नेसून शेजारी बसल्यासारखा बोलतो आणि पाठीतून गार वारा जातो. मी आईला हे समजावून सांगत होतो. तिला एकच प्रश्न पडला होता. "आपल्या नगरचा ना? मग वाईट कसा असेल?" पाच वर्षांनी 'भारत एक खोज'मध्ये तेच अमरापूरकर महात्मा जोतीराव फुले होऊन आले. आईने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. "बघ. मी म्हणत होते." पुढे १९९१ साली 'सडक'मधली त्यांची ती भयंकर महाराणी आली, तिच्यासाठी त्यांना फिल्मफेअरचे खलनायकाचे पारितोषिक मिळाले. आता काय म्हणशील, असे मी आईला विचारले. आई जराही डगमगली नाही. "पोटासाठी करावं लागतं बाबा. तू नाही का बँकेत जात?"

आईचा हा जिल्हाभिमान जुना. लहानपणी तिने प्रभातचा 'संत ज्ञानेश्वर' पाहिला होता. त्यातले ज्ञानेश्वर म्हणजे शाहू मोडक, जन्माने नगरचे, ख्रिस्ती घरातले. पडद्यावर ते इतक्या वेळा कृष्ण झाले, की कितीतरी घरांत त्यांचा फोटो देवांच्या ओळीत गेला असेल. "ख्रिस्ती घरातलं पोर, पण कृष्ण शोभला," असे आई सांगे, "आणि तुझ्या आत्याच्या घरी सगळे सोवळ्यातले, पण एक कृष्ण निघाला नाही." चित्रपटाच्या परीक्षणात आत्याला ओढण्याची ही शैली मला कधी साधली नाही.

विनोदी चित्रपटांत माझ्या कसोटीला खरा उतरला तो 'अशी ही बनवाबनवी'. १९८८चा. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६च्या हिंदी चित्रपटाची, पण मराठीत आल्यावर तिला जे बाळसे धरले ते विचारू नका. हा चित्रपट टीव्हीवर किती वेळा लागला याची मोजदाद नाही. त्यातले संवाद आमच्या घरात चहासाखरेसारखे वापरले जातात. डायबिटीसच्या औषधाचा तो प्रसंग आला की आम्ही सगळे पुढचे वाक्य आधीच म्हणतो, सुधीर जोशींचा चेहरा कसा होणार ते ठाऊक असते, आणि तरीही दूध जातेच. शिळा विनोद ताज्या दुधाला भारी पडतो, तेव्हा त्यात कारागिरी आहे असे समजावे. अशोक सराफ आणि लक्ष्या एकमेकांच्या वाक्याची वाट बघतात. वाक्य संपायच्या आत हसत नाहीत. आजच्या विनोदी कार्यक्रमांत नट आधी हसतो आणि मग आपल्याला सुचवतो.

आजच्या काळात माझी कसोटी निकालात निघाली आहे. नातू मोबाईलवर मालिका पाहतो. दूध वर आले की बोट लावून नायकाला जागच्या जागी थांबवतो, गॅस बंद करतो आणि नायकाला परत चालू करतो. नायक तलवार उगारून पाच पाच मिनिटे उभा! नातवाचे दूध कधी उतू जात नाही. मला त्याचे कौतुक वाटते आणि थोडी कीवही येते.

पण या कसोटीत एक मोठी खोट होती. ती मला वीस वर्षे दिसली नाही. दूध उतू जाते की नाही हे मी लोडाला टेकून पाहत होतो. दुधाकडे बघायला उठायचे कोण, हा प्रश्न मला पडला नव्हता. सौ. उठे, आई उठे. म्हणजे जे काही मोजले जात होते ते त्यांचे गुंगणे. मी नुसता आकडे लिहिणारा कारकून. आणि वर तोऱ्यात सांगायचो, "तुम्हां बायकांना काय कळतंय सिनेमातलं!"

हा तोरा शिगेला पोचला तो रोजच्या मालिका सुरू झाल्यावर. २००१ साली 'चार दिवस सासूचे' सुरू झाली आणि ते चार दिवस बारा वर्षे पुरले. तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींना रोज संध्याकाळी सुनेवर डोळे वटारताना पाहून मी हळहळलो. आईला म्हटले, "अगं, 'गांधी'त या बाईंनी कस्तुरबा केल्यात!" आई म्हणाली, "कस्तुरबांना काय घर नव्हतं?"

मी त्या मालिकांवर तोंडी परीक्षणांची झोड उठवली होती. माझे तीन आक्षेप होते. एक, सगळे जण आपण काय करतोय ते बोलून दाखवतात. "तू इथे जिन्यात, हातात पत्र घेऊन, रडत का उभी आहेस?" अरे, दिसतंय की सगळ्यांना! दोन, काही घडले की तीनदा धाडकन वाजते आणि तीन वेळा तोच चेहरा. तीन, काल झाले ते आज पुन्हा सांगतात आणि उद्या होणार ते आजच कळते. मी म्हणायचो, ही दृश्यकला नव्हे, हा रेडिओ आहे, त्याला उगाच काच लावली आहे. वाक्य मला फार आवडले होते. ते मी बँकेत, लग्नात, एका दहाव्यालासुद्धा वापरले.

आई त्या मालिका भिंतीकडे थोडी वळून, मान तिरकी करून पाहत असे. माझ्या बोलण्याचा राग म्हणून ती पाठ वळवते असे मला वाटे. मग एकदा तिने भरल्या उजेडात चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर, हवेत ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, हा चोर आहे, दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो आणि कळेपर्यंत बरीच गेलेली असते. गेलेली परत येत नाही. उजवा डोळा जवळजवळ संपलाय, डाव्याला थेंब घालून जपू. मी बाहेर आलो आणि आईला म्हणालो, "काही नाही, नंबर वाढलाय थोडा."

त्या रात्री मालिका लागली. मी नेहमीसारखा आक्षेप घ्यायला तोंड उघडले आणि मिटले. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी विचारत होते, की तू दारात बॅग घेऊन का उभी आहेस. आणि आईने मान डोलावली. तिला बॅग दिसत नव्हती. तिला सांगितली गेली होती. तीनदा वाजले, तिला कळले की काहीतरी घडले. काल काय झाले ते पुन्हा सांगितले, आणि मग मला आठवले, की काल भारनियमनात दिवे गेले होते. माझे तीनही आक्षेप खरे होते, फक्त माझा पत्ता चुकला होता. ती मालिका माझ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. पोळ्या लाटताना पाठमोऱ्या ऐकणाऱ्या बायकांसाठी, भाजी निवडणाऱ्या आज्यांसाठी, उठत-बसत पाहणाऱ्यांसाठी ती होती. रेडिओला काच लावली होती हे बरोबर. पण ज्यांना काचेतून बघण्याइतकी उसंत नव्हती त्यांच्यासाठी आतला रेडिओ चालू ठेवला होता. म्हणून त्या मालिका थोर ठरतात असे नाही. सासूने किती वर्षे छळावे याला काही मर्यादा असावी. पण एखादी गोष्ट कुणासाठी केली आहे हे न विचारता तिला नावे ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातली भाजी अळणी म्हणण्यासारखे. त्याला ब्लडप्रेशर असू शकते.

त्यानंतर काही महिन्यांनी टीव्हीवर 'श्वास' लागला. संदीप सावंतांचा, २००४चा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा. एका लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार असते, आणि आजोबा त्याला कोकणातून शहरातल्या रुग्णालयात आणतात. गोष्ट ठाऊक होती म्हणून मी घाईघाईने वाहिनी बदलू लागलो. आई म्हणाली, "राहू दे. अरुण नलावडेंचा आवाज आहे ना? बरा वाटतो."

पण 'श्वास' माझ्या आवडीचा सिनेमा. म्हणजे त्यात कुणी 'तू इथे का उभा आहेस' असे विचारत नाही. लोक गप्प बसतात, बघतात. आई थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "काय चाललंय? कुणी बोलत का नाही?"

मी म्हणालो, "आजोबा बसलेत."

"कसे बसलेत?"

"म्हणजे... बसलेत."

"अरे, पण कसे? टेकून का पुढे वाकून? पोराकडे बघतात का दुसरीकडे?"

मी पहिल्यांदा नीट पाहिले. हा चित्रपट मी आधी थेटरात पाहिला होता, त्यावर चार लोकांत बोललो होतो, 'संयत' हा शब्द किमान सहा वेळा वापरला होता. आणि आजोबा कसे बसलेत हे मला सांगता येत नव्हते. मग मी सांगू लागलो. उजेड कुठून येतोय, मुलाचे लक्ष कुठे आहे, आजोबांचा चेहरा बोलायच्या आधी कसा होतो. अडखळत, चुकत. आई मधेच दुरुस्त करी. "आवाजावरून तर उभे वाटतात." आणि खरेच उभे असत.

पुढे ते डॉक्टर आग्रह धरतात, की मुलाला आधी सांगितले पाहिजे. न सांगता शस्त्रक्रिया करायची नाही. हे वर्णन करायची गरज नव्हती, ते ऐकू येत होते. मी उगाच पांघरुणाच्या घड्या करू लागलो.

"बरोबर बोलतोय डॉक्टर," आई म्हणाली. "ज्याचे डोळे त्याला नको सांगायला?"

मी गप्प.

"उजव्यानं मला दिवाळीपासून दिसत नाही. नंबर वाढलाय म्हणे! तू कधी सांगतोस याची वाट बघत होते."

मला काही बोलायला सुचेना. एवढ्या वर्षांत मी जगातल्या सगळ्या पटकथांतल्या चुका काढल्या होत्या, आणि घरातला एक साधा संवाद मला लिहिता आला नव्हता. आईनेच सुटका केली. "बरं, ते राहू दे आता. पुढं काय दिसतंय ते सांग."

पुढे आजोबा आणि मुलगा रुग्णालयातून नाहीसे होतात. सगळे शोधताहेत, डॉक्टर चिडलेत, आणि इकडे तो म्हातारा नातवाला डोळे भरून जग दाखवत हिंडतोय. मी सांगत होतो. रस्ते, माणसे, पोराचा चेहरा. आई डोळे मिटून बघत होती. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला तेव्हा मी धडपडत उठलो. सौ. माहेरी गेलेली, दूध मीच ठेवले होते. अर्धे पातेले गॅसवर, उरलेले ओट्यावरून खाली. माझ्या हयातीत मी स्वतः उतू घालवलेले ते पहिले दूध.

फडके घेऊन पुसत होतो. बाहेरून आई म्हणाली, "मला मघाशीच वास आला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, आधी आजोबा सापडू देत."